लघुलहरींवरचे अंकीय श्रवण : प्रस्तावना

ज्या जिल्ह्याच्या उत्तरेस हवाई अंतराने सुमारे नऊशे किलोमीटरांवर दिल्लीनजीकचे खामपूर आणि दक्षिणेस जवळजवळ तितक्याच अंतरावर बेंगळुरू, अशी आकाशवाणीने लघुलहरींच्या प्रक्षेपणासाठी उभारलेली दोन बलाढ्य ठाणी आहेत, आणि ज्याच्या माथ्यावरून पूर्वेकडील व पश्चिमेकडील देशांची प्रक्षेपणे रात्रंदिवस जात असतात, त्या वर्धा जिल्ह्यात या लहरी पकडून ऐकणारी माणसे आज फार थोडी उरली आहेत, ही गोष्ट मला मनापासून खटकते. ऐकण्याची आवड आटली म्हणून असे झाले, हे मला मान्य नाही. प्रक्षेपणाचे स्वरूप बदलत गेले, त्याचा काही भाग अंकीय झाला, पण श्रोत्याच्या घरातील यंत्रही त्याबरोबर बदलले पाहिजे याची तजवीज कोणी केली नाही. प्रस्तुत पुस्तिका त्या यंत्रासंबंधी आहे. बाजारातील तयार संच ज्याच्या आवाक्याबाहेर आहे अशा विद्यार्थ्याने, शिक्षकाने अथवा शेतकऱ्याने थोडक्या खर्चात, जुन्या-नव्या साहित्याच्या आधारे, अंकीय लघुलहर कशी ऐकावी, एवढाच तिचा विषय असून, तो विषय मुळात हाती का घ्यावा हे सांगण्याचे काम या प्रस्तावनेकडे आले आहे.

‘डिजिटल रेडिओ मोंडिआल’, संक्षेपाने डीआरएम, या नावाने जी पद्धती ओळखली जाते तिचा आरंभ १९९८ साली चीनमधील ग्वांगझौ येथे झालेल्या कराराने झाला. निरनिराळ्या देशांतील प्रक्षेपण-संस्था आणि यंत्रनिर्माते तेथे एकत्र आले, आणि लघु, मध्यम व दीर्घ लहरींवर, पूर्वीच्याच रुंदीच्या पट्ट्यात, अंकीय ध्वनी कसा पाठवावा याचे सर्वांना खुले असे मानक त्यांनी सिद्ध केले. जून २००३ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेच्या प्रसंगी नियमित प्रक्षेपणास प्रारंभ झाला. आपल्याकडे २००७ साली दिल्लीत चाचण्या झाल्या, आणि जानेवारी २००९ मध्ये खामपूरच्या २५० किलोवॅट क्षमतेच्या प्रक्षेपकावरून आकाशवाणीचे अंकीय लघुलहर-प्रक्षेपण सुरू झाले. पुढील दशकात मध्यम लहरींवरही पस्तीसच्या आसपास प्रक्षेपक या पद्धतीचे बसविण्यात आले, त्यांत मुंबई व पुणे ही आपली दोन ठिकाणे येतात.

प्रक्षेपणाच्या बाजूने एवढी मोठी तरतूद ज्या देशाने केली, त्या देशात ग्राहकयंत्रांची अवस्था काय झाली हे पाहण्यासारखे आहे. हिंदुस्थानात तयार झालेले संच अल्पसंख्य राहिले आणि त्यांची किंमत सामान्य कुटुंबास परवडेल अशी कधीच झाली नाही. मात्र नव्या मोटारगाड्यांच्या पुढील फळीवर ही सोय कारखान्यातूनच येऊ लागली, आणि अशा गाड्या आज लाखोंनी रस्त्यावर आहेत. म्हणजे ज्या लोकप्रक्षेपणाचा पहिला हक्कदार समुद्रपुरातील किंवा कारंजा तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी असावयास हवा, ते मोटारीत बसलेल्याच्या कानी प्रथम पडले. मोटारवाल्याने ऐकू नये असे मी म्हणत नाही. परंतु लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या प्रक्षेपकाचे कार्य, लोकांच्या हाती ग्राहकयंत्र पडल्याखेरीज, अर्धेच राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्र कोणाच्या हाती असावे, ते कितीत मिळावे आणि मोडल्यास कोणी दुरुस्त करावे, हे प्रश्न वर्ध्याला नवे नाहीत. अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा सूत किती व कसे निघावे एवढेच सांगून तो थांबला नाही. यंत्राची किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी आणि ते खेड्यातच वापरता व नीट करता यावे, अशाही अटी त्याने घातल्या होत्या. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी तेलघाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन अशा उद्योगांवर जे प्रयोग चालविले, त्यांच्या मुळाशीही हाच विचार होता. किंमत आणि दुरुस्ती या दोन कसोट्या यंत्राच्या गुणवत्तेच्या पोटातच असतात, बाहेरून जोडलेल्या नसतात, ही त्या मंडळींची दृष्टी मला आजच्या विद्युत्साधनांनाही तंतोतंत लागू वाटते, आणि या पुस्तिकेतील प्रत्येक साहित्याची निवड त्याच दोन कसोट्यांवर झाली आहे.

लघुलहर आणि वर्धा यांचा आणखी एक संबंध येथे नमूद करणे मला अगत्याचे वाटते. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यास जो ठराव केला, त्यातूनच मुंबईचा ऑगस्टमधील ‘छोडो भारत’ ठराव निघाला. पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले, आणि २७ ऑगस्ट रोजी उषा मेहता व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे चालविलेले काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागले. जुळवाजुळव करून उभारलेला प्रक्षेपक, पोलिसांच्या शोधयंत्रांना चुकवीत एका जागेहून दुसऱ्या जागी हलविलेले बिऱ्हाड, आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी झालेली अटक, हा सगळा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यातील एक तांत्रिक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७०८० किलोहर्ट्झ; ही लहर आकाशातील आयनांच्या थरावरून परत येऊन, मध्ये एकही तार किंवा मनोरा नसताना, शेकडो किलोमीटरांवर उतरते, आणि म्हणूनच अल्प शक्तीच्या प्रक्षेपकासही देशभर ऐकले जाण्याची आशा धरता आली. ऐकणारा कोण, कोठे बसला आहे, याचा मागमूस कोणत्याही दप्तरी लागत नाही, हा लघुलहरीचा गुण तेव्हा स्वातंत्र्याच्या कामी आला. आजही तिला मोबाइलचे जाळे लागत नाही, महिन्याचे भाडे लागत नाही, आणि आपण काय ऐकतो याची नोंद दुसऱ्या कोणापाशी राहत नाही. माझ्या दृष्टीने हे तिचे मोल किंचितही कमी झालेले नाही.

आता या पद्धतीचे अंतरंग. जुन्या रेडिओवर लघुलहर ऐकताना आवाज चढतो-उतरतो, घरघरतो, शेजारचे ठाणे मध्येच डोकावते. आवाजाच्या या चढउताराचे मुख्य कारण असे, की एकच लहर निरनिराळ्या मार्गांनी, एकदा परावर्तित होऊन, दोनदा परावर्तित होऊन, किंचित मागेपुढे पोचते आणि तिचे तिच्याशीच भांडण होते. अंकीय पद्धतीत ध्वनीचे प्रथम आकड्यांत रूपांतर करून, आणि कानाला ज्याची उणीव भासणार नाही असा भाग गाळून, दर सेकंदास अवघ्या काही हजार अंकांच्या प्रवाहात त्याचा संक्षेप केला जातो. हा प्रवाह एकाच वाहकलहरीवर न चढविता, दहा किलोहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारी-शेजारी उभ्या केलेल्या दोनशेहून अधिक सूक्ष्म वाहकलहरींवर वाटला जातो. गावातील सगळा कापूस एकाच बंडीत न भरता दोनशे बंड्यांत थोडा-थोडा भरला, तर वाटेत पाच-दहा उलटल्या तरी जिनिंगचे काम अडत नाही; तसेच येथे काही वाहकलहरी क्षीण झाल्या तरी उरलेल्यांवरून, आणि मुद्दाम घातलेल्या जादा अंकांवरून, हरवलेला भाग हिशेबाने भरून काढता येतो. लांबच्या आकाशमार्गासाठी सामान्यतः जो प्रकार वापरतात त्यात प्रत्येक चिन्हाच्या आधी सुमारे ५.३ सहस्रांश सेकंदाचा राखीव अवधी सोडलेला असतो; एवढ्या वेळात लहर सोळाशे किलोमीटर धावते, म्हणजेच दोन मार्गांच्या लांबीत तितका फरक पडला तरी मागून आलेली लहर पुढच्या चिन्हात ढवळाढवळ करीत नाही. शिवाय अंक जसेच्या तसे ओळीने न पाठविता सुमारे दोन सेकंदांच्या कालावधीत विखरून पाठविले जातात, त्यामुळे क्षणभराच्या आघाताने एका ठिकाणी मोठे भगदाड पडत नाही.

या सर्व व्यवस्थेचे फळ असे, की ग्रहण साधले तर आवाज स्वच्छ येतो, त्यात सरसर नसते, चढउतार नसतो. साधले नाही तर मात्र काहीच येत नाही. जुन्या संचावर क्षीण ठाण्याचे चार शब्द तरी कानी पडत. येथे संदेश व गोंगाट यांचे प्रमाण साधारण पंधरा ते वीस डेसिबलांच्या खाली उतरले की आवाज तुटतो आणि पाठोपाठ शांतता येते. साध्या रेडिओवर तर हे प्रक्षेपण म्हणजे निव्वळ अखंड फसफसाट असतो, आणि तो ऐकून ‘संच बिघडला’ म्हणणारे लोक मला भेटले आहेत. नवशिक्याने येथेच निराश होऊ नये. संकेताचे तीन विभाग असतात: पहिला अत्यंत दणकट, ज्यात प्रक्षेपणाची रुंदी व घडण सांगितलेली असते, दुसरा ठाण्याचे नाव व सेवेचे वर्णन देणारा, आणि तिसरा प्रत्यक्ष ध्वनीचा, सर्वांत नाजूक. पडद्यावर पहिल्या दोहोंचे दिवे हिरवे होऊन ठाण्याचे नाव उमटले आणि आवाज मात्र आला नाही, तर आपले यंत्र ठीक आहे, उणीव केवळ संदेशाच्या बळात आहे, असा निष्कर्ष निःशंकपणे काढावा आणि आपले लक्ष एरियलकडे वळवावे.

हे दिवे दाखविणारी आज्ञावली म्हणजे ‘ड्रीम’. जर्मनीतील डार्मश्टाट येथील तांत्रिक विद्यापीठात फोल्कर फिशर व अलेक्झांडर कुर्पिअर्स यांनी ती लिहिली आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना देऊन टाकली. या विषयात गरिबाला वाट कोणी करून दिली असेल तर ती प्रथम या दोघांनी, असे मी कृतज्ञतेने म्हणेन. कारण अंकीय संचात महाग असतो तो उकल करणारा भाग, आणि ते काम कोणत्याही जुन्या लॅपटॉपने करावे अशी सोय ड्रीमने केली. आता प्रश्न उरतो तो आकाशातील लहर लॅपटॉपपर्यंत आणण्याचा.

त्याचे दोन मार्ग पुस्तिकेत सविस्तर सांगितले आहेत. पहिला मार्ग जुन्या लघुलहर रेडिओचा. बहुतेक सर्व संचांत कोणतेही ठाणे लावले तरी ते आत ४५५ किलोहर्ट्झ या एकाच मध्यवारंवारतेवर आणले जाते. तेथून एक बारीक तार बाहेर काढून, एनई६१२ या स्वस्त मिश्रक-चिपमध्ये ४६७ किलोहर्ट्झच्या स्थानिक लहरीशी तिचा संयोग केला, की वजाबाकीने १२ किलोहर्ट्झचा संदेश मिळतो, आणि तो संगणकाच्या साउंड कार्डात सरळ घालता येतो. यात रेडिओ-मेकॅनिकचे कौशल्य लागते. संचातील गाळणी बहुधा सहा किलोहर्ट्झचीच असते आणि तिने दहा किलोहर्ट्झच्या संदेशाच्या दोन्ही कडा छाटल्या जातात, म्हणून ती बदलून रुंद गाळणी बसविणे भाग पडते. तरीही हा मार्ग मी आवर्जून पुढे ठेवतो, कारण वर्धा, हिंगणघाट, आर्वी यांसारख्या गावांत माळ्यावर पडलेले जुने संच अद्याप निघतात, आणि त्यांना पुन्हा कामास लावण्यात जे शिक्षण आहे ते तयार वस्तू विकत घेण्यात नाही.

दुसरा मार्ग अलीकडचा आणि अधिक सोपा. युरोपातील अंकीय दूरचित्रवाणी संगणकावर पाहण्यासाठी तैवानच्या रिअलटेक कंपनीने जी चिप काढली, ती बसविलेले अंगठ्याएवढे डोंगल २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या हाती पडले आणि ते कोणत्याही रेडिओचे काम करू शकते असे त्यांच्या ध्यानात आले. मूळ स्वरूपात ते २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही. पण त्यातील ट्यूनरला वगळून एरियल थेट मोजणी करणाऱ्या चिपला जोडले, की लघुलहर ऐकू येते, आणि पुढच्या काही आवृत्त्यांत ही सोय मुळातच दिलेली आहे. चिप सेकंदास २८.८ दशलक्ष वेळा मोजते, म्हणून या थेट पद्धतीत १४.४ मेगाहर्ट्झपर्यंतचा प्रदेश निर्वेध असतो. ४१, ३१ आणि २५ मीटरचे पट्टे त्यात येतात, १९ मीटरसाठी मात्र योग्य गाळणी किंवा वारंवारता वर चढविणारी जोडणी हवी. या डोंगलचे मोजमाप अवघ्या २५६ पायऱ्यांचे असते, ही त्याची खरी मर्यादा. पंचाहत्तर किलोमीटरांवरील नागपूरचे मध्यम लहरींवरचे बलवान प्रक्षेपण आत शिरले तर त्या पायऱ्या त्यालाच पुरत नाहीत आणि दूरचा क्षीण संदेश त्याखाली गाडला जातो. दोन-तीन कॉइली व तितकेच कपॅसिटर यांची गाळणी करून मध्यम लहरी आधीच अडविणे, हा वर्धेकराला अनिवार्य असा उपचार आहे. दुसऱ्या देशांतील मार्गदर्शिका वाचून काम करणाऱ्याला तो सुचत नाही.

आकाशाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आयनांच्या थरांचा अभ्यास आपल्या देशात पुष्कळ आधी सुरू झाला. कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांचा ‘द अपर अॅटमॉस्फिअर’ हा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर प्रमाण मानला गेला. विषुववृत्ताजवळ वर उचलले गेलेले आयन उत्तरेस व दक्षिणेस घरंगळून दोन दाट पट्टे निर्माण करतात, आणि उत्तरेकडचा पट्टा आपल्या देशात अहमदाबाद-भोपाळच्या आसपासच्या अक्षांशांवर येतो. वर्धा त्याच्या दक्षिण उतारावर आहे. सूर्यास्तानंतर काही तास या प्रदेशातील थर खवळलेला असतो, लहर थरथरते, आणि संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान बलवान असूनही संदेश उकलत नाही असा अनुभव विशेषतः विषुवदिनांच्या महिन्यांत येतो. त्यात आपला दोष नसतो. भर दुपारी कमी वारंवारतेच्या लहरी खालच्या थरात शोषल्या जातात, तेव्हा उंच वारंवारता धुंडाव्यात, आणि रात्री ४१ मीटरकडे यावे, इतके ध्यानात ठेवले तरी नवशिक्याचे बरेच श्रम वाचतात.

परंतु आकाशापेक्षाही आज खरा शत्रू जमिनीवर आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सौरपंपाचे नियंत्रक, या सर्वांत वीज अतिवेगाने खंडित करणारी मंडले असतात आणि त्यांचा गोंगाट लघुलहरींवर पसरतो. आमच्या भागात याहून निराळा एक उपद्रव आहे. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून हरभरा, तूर राखण्यासाठी शेतोशेती तारेचे कुंपण घालून त्यास झटका मशीन जोडलेले असते. साधारण सेकंदास एक असा उच्च दाबाचा ठोका त्या तारेत सोडला जातो, आणि कुंपणाची शेकडो मीटर तार त्या ठोक्याचे एरियल बनते. पिकाचे रक्षण हा शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यामुळे ते यंत्र बंद करा असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही श्रोत्याला नाही. सुदैवाने ठोका अत्यल्प काळ टिकतो, आणि वर सांगितलेल्या दोन सेकंदांच्या विखुरणीमुळे संदेश पुरेसा सबळ असल्यास तो पचतो; मात्र ज्या ठिकाणी तारेला गवत लागून ठिणग्या उडत असतात तेथे गोंगाट अखंड होतो, तेव्हा गवत काढावयास मदत करणे हे श्रोत्याचे व शेतकऱ्याचे समान हिताचे काम ठरते, कारण त्या ठिणगीत कुंपणाचा झटकाही वाया जात असतो.

भारनियमनाच्या वेळी सगळ्या गावाचा गोंगाट एकदम ओसरतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवून त्या वेळात ऐकावे; वर्ध्यासारख्या शहरात जे ठाणे महिनोन्महिने लागले नाही ते अशा तासात सहज लागते. एरियलसाठी दहा-पंधरा मीटर तांब्याची तार, घरापासून कडुलिंबापर्यंत ताणलेली, आणि तिच्या पायथ्याशी फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेले नऊला एक प्रमाणाचे रोहित्र, एवढे पुरते. भूसंयोजनाला आपली काळी माती ओली असताना उत्तम. पण वैशाखात तिला हातभर भेगा पडतात, सळई मातीपासून सुटते, आणि तेव्हा रोज बादलीभर पाणी ओतल्याशिवाय गत्यंतर नसते. मृगाच्या आधीपासून विजा पडू लागल्या की तार बाहेरूनच सोडवून ठेवण्यात कसूर करू नये.

इतके करून ऐकावयाचे काय, असे विचारले जाईल. चीन, रुमानिया, कुवेत, न्यूझीलंड येथील ठाण्यांनी ही पद्धती वापरली आहे, बीबीसीनेही दक्षिण आशियासाठी अंकीय प्रक्षेपण केले आहे, आणि आपली आकाशवाणी तर आहेच. मला मात्र त्यापलीकडे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या प्रवाहात ध्वनीसोबत मजकूरही पाठविता येतो, तो देवनागरीतही पाठविता येतो, आणि आपत्तीच्या प्रसंगी सर्व संचांना एकदम इशाऱ्याच्या प्रक्षेपणाकडे वळविण्याची तरतूदही मानकात आहे. बाजारभाव, पावसाचा अंदाज, बोंडअळीसंबंधीचा सल्ला, हे सर्व मराठीत, वाचता येईल अशा स्वरूपात, इंटरनेटशिवाय आष्टीच्या डोंगराळ भागातील घरी पोचू शकते. तंत्र सिद्ध आहे. आकाशवाणीने मराठी मजकुराची अशी सेवा चालविण्याचे मनावर घ्यावे, अशी मागणी करण्याचा हक्क आपणास आहे. ती मागणी केवळ अर्जातून करण्यापेक्षा, अमुक दिवशी, अमुक वारंवारतेवर, अमुक डेसिबलांनी ग्रहण झाले असे शंभर गावांतील दाखले जोडून केली, तर तिचे वजन वाढेल, आणि पुस्तिका लिहिण्यामागचा माझा मुख्य हेतू तोच आहे.

म्हणूनच तिच्या अखेरीस ठाण्यांचे कोष्टक दिलेले नाही. लघुलहरींची वेळापत्रके दरवर्षी मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि छापील कोष्टक सहा महिन्यांत निरुपयोगी होते. त्याऐवजी आखलेली कोरी पाने जोडली आहेत: दिनांक, जागतिक प्रमाणवेळ (आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून), वारंवारता, ठाण्याचे नाव, संदेश-गोंगाटाचे प्रमाण, तीन दिव्यांपैकी किती हिरवे झाले, आणि त्या वेळी वीज होती की नव्हती. शेवटचा रकाना इतर देशांच्या नोंदवह्यांत नसतो. तो येथे मुद्दाम घातला आहे आणि तो रिकामा सोडू नये, अशी वाचकांस विनंती आहे.